बिचारी घरात नाही

माझी मावशी बावीस वर्षं बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करत होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुठली आज येणारच नाही, हे सगळं गाव तिच्या तोंडून ऐकायचं. ड्रायव्हर-कंडक्टर तिला 'भोंगा' म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

तिची खोली फलाटांच्या वर होती. तीन बाजूंना काच. दोघं आत शिरले तर तिसऱ्यानं दारातच उभं राहायचं, एवढीच जागा. टेबलावर माइक, माइकला स्पंजची टोपी, आणि ती टोपी मावशी दर शनिवारी घरी आणून साबणानं धुवायची. भिंतीवर पुठ्ठ्यावर चिकटवलेलं वेळापत्रक होतं, पण त्याच्याकडे बघताना मी तिला कधी पाहिलं नाही. सगळं पाठ.

घोषणेचं वाक्य ठरलेलं असायचं, पण मावशीला ठरलेल्या वाक्यात राहवत नसे. "बंदराकडे जाणारी गाडी वीस मिनिटं उशिरा येईल. कारण विचारू नका, मलाही सांगितलेलं नाही." किंवा, "चार नंबरच्या फलाटावर निळी पिशवी उशाला घेऊन झोपलेले गृहस्थ, तुमची गाडी लागलीय. उरलेली झोप घरी घ्या." खाली हशा पिकायचा. डेपो मॅनेजर दर दोन महिन्यांनी तिला बोलावून समज द्यायचे. ती "बरं साहेब" म्हणायची आणि पुन्हा तेच.

घरीही तोच कारभार. काका, म्हणजे तिचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली मान. बोलणं इतकं कमी की माझी आई म्हणायची, "याचे शब्दही चिमट्यानं एकेक उचलून ठेवलेले असतात." चारचौघांत मावशी त्यांना 'अहो' म्हणायची, घरात 'टिकटिक'. ती बोलायची, ते ऐकायचे, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

एका हिवाळ्यात मावशीचा आवाज बसला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मिठाच्या गुळण्या झाल्या, मध चाटून झाला. ड्रायव्हर खालून ओरडायचे, "भोंग्याला गंज चढला काय?" तीन महिने गेले तरी आवाज सुटेना. मग आईनं तिला जवळजवळ ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई किरकोळ अंगाच्या होत्या, आणि बोलणंही तसंच, कुठे चरबी नाही.

"स्वरयंत्रात गाठ आहे. वाईट जातीची. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी इथे, गळ्याच्या खड्ड्यात, कायमचं छिद्र राहील."

"म्हणजे बोलणं?" मावशीनं विचारलं.

"पूर्वीसारखं नाही. कधीच नाही."

"आणि नाही काढलं तर?"

"तर बोलाल. सहा महिने, फार तर आठ."

मावशीनं पदर सावरला. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घासाघीस करायला काही जागाच ठेवली नाहीत तुम्ही."

तारीख पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची मिळाली. हातात नऊ दिवस होते.

बाहेर आल्यावर मी रडवेली होऊन म्हटलं, "मावशी, तुझा आवाज रेकॉर्ड करून ठेवू या का?"

"कशाला? पुढे घरात बसून माझाच आवाज ऐकत मी टिपं गाळत बसणार? हा उद्योग मला लावून देऊ नकोस. नऊ दिवस आहेत ना? वापरून संपवते."

आणि तिनं खरंच तो आवाज वापरून संपवला. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या गॅलरीतलं पाणी सहा वर्षं मावशीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकत होतं. मावशी जिना चढून गेली आणि सहा वर्षांचं सगळं एकदम सांगून आली. धाकट्या नणंदेशी अकरा वर्षं अबोला होता. तिला फोन लावला. माफी मागायला लावला होता, पण पाच मिनिटांत दोघींचं जुनं भांडण नव्यानं पेटलं, आणि त्या भांडणातच दोघी रडायला लागल्या. फोन ठेवताना मावशी म्हणाली, "बरं वाटलं. अर्धवट राहिलं होतं."

मलाही सोडलं नाही. माझं लग्न ठरलं होतं तेव्हा. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मुलगा बरा आहे. पण त्याच्यापुढे तू इतकी हळू का बोलतेस? आवाज आहे ना तुला? मग वापर." मला राग आला होता. पण त्या दिवसापासून मी घरात मोठ्यानं बोलायला लागले, आणि लग्नानंतर नवऱ्याला त्याची सवय झाली.

गुरुवारी ती शेवटची ड्यूटी करायला गेली. निरोपाचं भाषण करणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं रोजच्यासारख्या घोषणा केल्या. शेवटची होती, "तीन नंबरची गाडी सुटत आहे. दारात लटकू नका." आणि माइक बंद केला. खाली कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. गाडी सुटली. त्या संध्याकाळी ती आणि काका चालत नदीपर्यंत गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

ऑपरेशन सात तास चाललं. शुद्धीवर आल्यावर नर्सनं पाटी दिली, पुसून पुन्हा लिहिता येते तशी. मावशीनं पहिलं वाक्य लिहिलं, "किती वाजले?" काकांनी सांगितलं. तिनं पुसून लिहिलं, "भूक." आम्ही सगळे हसलो. म्हटलं, आहे, मावशी जागेवर आहे.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. एक गंमत तेव्हा कळली. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, अशी लोकांची पक्की समजूत असते. माणसं तिच्या कानाशी येऊन ओरडायची, "कसं वाटतंय आता?" ती पाटी दाखवायची, "घसा गेलाय. कान शाबूत आहेत." आणि 'बिचारी' हा शब्द तर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी. दारातूनच चपला काढताना, "बिचारी काय करतेय?" चौथ्या दिवशी तिनं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं आणि काकांकडून दाराला बाहेरून लावून घेतलं, 'बिचारी घरात नाही. बाकी कुणाला भेटायचं असेल तर बेल वाजवा.'

शेजारपाजारचे म्हणाले, काय जिद्द आहे बाईची! आम्हालाही तसंच वाटत होतं. ती जिद्द अजून वरवरची होती, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

सकाळी अकराची वेळ. काका दुकानात, मी दुपारी एकला तिच्याकडे जाणार होते. मावशी अंघोळीला गेली आणि न्हाणीघराची कडी आतून अडकली. ओढून पाहिली, हलेना. हाक मारायला आवाज नाही. छिद्रात पाणी जाऊन चालत नाही म्हणून ती टॉवेल गळ्याशी धरून उभी, आणि दुसऱ्या हातानं लोखंडी बादलीवर मग आपटत होती. वरच्या बाईंनी ऐकलं, पण त्यांना वाटलं कपडे धुतेय. दोन तास. मी आले तेव्हा आतून मग वाजत होता, पण अगदी हळू, जणू सवयीनं. मी सुताराला आणलं. त्यानं कडी उचकटली. मावशी ओल्या फरशीवर बसलेली होती. चेहरा वाकडा झाला होता, खांदे गदगदत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि आवाज नाही. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फसफसत होती. आवाजाशिवाय माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पुन्हा पाहायची वेळ कुणावर येऊ नये.

त्यानंतर आठ दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पाटी उशीखाली. जेवण समोर ठेवलं तर दोन घास. वास येणं बंद झालं होतं, कारण हवा आता नाकातून जात नव्हती, आणि वासाशिवाय चवीलाही फारसं काही उरत नाही. चहा फुंकता येत नव्हता. फुंकर निघणार कुठून? काका बशीत ओतून, पुठ्ठ्यानं वारा घालून द्यायचे. ती तो तसाच ठेवायची.

नवव्या दिवशी आई एक पुस्तक घेऊन आली. चांगले विचार, मनाची ताकद, त्या जातीचं. बिछान्याशी बसून आईनं वाचायला सुरुवात केली, "जे होतं ते आपल्या चांगल्यासाठीच होतं."

मावशी ताडकन उठून बसली. उशीखालची पाटी ओढली आणि खडबडीत अक्षरात लिहिलं, "कुणाच्या चांगल्यासाठी? नाव-पत्ता दे. मी त्याला भेटते."

आईला वाईट वाटलं. "अगं, मी आपली तुला बरं वाटावं म्हणून..."

मावशीनं पुसलं, पुन्हा लिहिलं. आता अक्षर सावकाश होतं. "ताई, हे चांगलं झालेलं नाही. वाईट झालंय. ते वाईटच म्हणायचं. वाईटाला चांगलं म्हणून मी खूश होणार नाही. वाईट आहे आणि तरी खूश राहीन. बघू कोण अडवतं ते."

आईनं ते तीनदा वाचलं. पुस्तक तिनं पिशवीत परत घातलं.

त्या दिवशी संध्याकाळी मावशी टेबलाशी बसली, पुठ्ठा घेतला, पट्टीनं रेघा मारल्या आणि वेळापत्रक आखलं. बावीस वर्षांची सवय. सकाळी सहा, उठणे. साडेसहा, गळ्याची नळी साफ करणे. सात, चालणे. असं करत करत खाली आलं, 'चार ते साडेचार, रडणे.'

काकांनी बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

तिनं लिहिलं, "रडू येणारच. पण दिवसभर फलाट अडवून बसायचं नाही. चारला यायचं, साडेचारला सुटायचं."

आणि तसंच झालं. चार वाजता ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. त्या अर्ध्या तासात तिच्याशी कुणी बोलायचं नाही, चहा विचारायचा नाही. कधी रडायची, कधी नुसती बाहेर बघत बसायची. साडेचारला उठून तोंड धुवायची. सकाळी दहाला रडू आलं तर घड्याळाकडे बोट दाखवायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. हे सोपं होतं असं मी म्हणणार नाही. पण तिनं दिवसाचे बाकीचे तास त्या दुःखाच्या हातून हिसकावून घेतले, हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं.

दोन महिन्यांनी दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे शिकवणी सुरू झाली. युक्ती अशी की हवा गिळायची आणि ढेकरेसारखी वर आणून तिचे शब्द करायचे. सांगायला सोपं. मावशी घरी सराव करायची, आणि एकटीला लाज वाटते म्हणून काकाही समोर बसून ढेकरा काढायचे. ज्या माणसानं आयुष्यात कुणासमोर साधी जांभई दिली नव्हती, तो हवा गिळून गिळून लाल व्हायचा. मी एकदा दारातच उभी राहून इतकी हसले की मावशीनं पाटी फेकून मारली.

ट, क, प ही अक्षरं लवकर येतात, त्यांना आतून धक्का मिळतो. तिचा पहिला शब्द आला तो 'टिकटिक'. काका स्वयंपाकघरात होते. त्यांनी ऐकलं आणि गॅस बंद करायचं विसरून तसेच बाहेर आले. ती पुन्हा म्हणाली, "टिकटिक." खोल विहिरीतून आल्यासारखा, खरखरीत, पण तिचा. 'अहो' मात्र आठ महिने जमला नाही. तो नुसता श्वासाचा शब्द, धरायला काही नाही. तोवर चारचौघांतही काका 'टिकटिक'च झाले, आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही. उलट तेच बोलायला लागले. आधी गरज म्हणून, दूधवाल्याशी, फोनवर, बँकेत. मग सवयीनं. पुढे गोडी लागली.

वर्ष व्हायच्या आत मावशी डेपोत हजर झाली. मॅनेजर साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "बाई, तुम्ही आता आराम करा! आजारपणाची निवृत्ती घ्या! मी कागद करून देतो!"

"ओरडू नका," मावशी म्हणाली. "ऐकू येतं."

साहेब दचकले. तो आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"माइकची जागा भरली गेलीय, बाई."

"चौकशीची खिडकी द्या."

"तिथे तर दिवसभर बोलावं लागतं!"

"म्हणूनच मागतेय."

साहेब माणूस वाईट नव्हता. घाबरट होता. त्यानं तीन आठवडे टोलवलं. ती तीन आठवडे रोज सकाळी नऊला त्याच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. विणकाम घेऊन. येणारा-जाणारा प्रत्येक कंडक्टर विचारायचा, "काय भोंगा, इकडे कुठे?" आणि ती सुईनं केबिनकडे खूण करायची. चौथ्या आठवड्यात खिडकी मिळाली. काचेतून बोलायला छोटा माइक तिथे आधीच होता.

सुरुवातीला माणसं बावरायची. काही जण दुसरीकडे विचारायला जायचे. एका माणसानं लेखी तक्रार केली, "चौकशी खिडकीवरच्या बाईंचा आवाज किळसवाणा आहे. लहान मुलं घाबरतात. प्रवाशांसाठी नीट बोलणारी व्यक्ती नेमावी."

साहेबांनी तिला तक्रारीची नक्कल दिली आणि खुलासा मागितला. मला तिनं तो कागद दाखवला तेव्हा घड्याळात दुपारचे दोन वाजले होते. तिचे ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, आता संपलं. चारची वाट न बघता आता बांध फुटणार.

तिनं पेन मागितलं. त्या नकलेच्या खालीच, मोकळ्या जागेत लिहिलं, 'आवाज हाच मिळेल. गाड्यांच्या वेळा बरोबर मिळतील. ज्यांना दोन्ही नको, त्यांनी आपल्या जबाबदारीवर कुठल्याही गाडीत बसावं.' आणि तो कागद नेऊन खिडकीच्या काचेला बाहेरून चिकटवला.

साहेब धावत आले. "बाई, हे काढा!"

"खुलासा मागितला होता ना? दिला."

"अहो, पण मला वरून विचारतात!"

"मला पाठवा वर. मी सांगते."

"तुम्ही वर गेलात तर माझी नोकरी जाईल!"

"मग कागद राहू द्या."

कागद राहिला. रांगेत उभे राहून लोक तो वाचायचे. कुणीतरी कोपऱ्यात लिहिलं, 'वेळ अगदी बरोबर होती.' मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. महिनाभरात कागद भरून गेला. सगळंच काही गोड नव्हतं. एकानं लिहिलं होतं, 'भूतासारखा आवाज.' मावशीनं तो शेरा पुसला नाही. लाल पेननं फक्त शुद्धलेखन सुधारलं, ऱ्हस्व 'भु' करून दिला. लहान मुलांचं म्हणाल तर ती घाबरायची नाहीत. ती काचेला नाक लावून म्हणायची, "पुन्हा बोला ना!" मोठ्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं, ते मुलांना ओढून न्यायचे.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एक माणूस ऑपरेशनला तयार होत नव्हता. घाऊक बाजारात लिलाव पुकारणारा. आवाज असा की चार गाळे पलीकडे ऐकू जायचा. गाठ तीच, जागा तीच. "तुम्ही बोलून बघता का?"

मी मावशीला घेऊन गेले. लिलाववाले कॉटवर बसले होते, धिप्पाड. त्यांची बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर पिशवी. मावशीनं नमस्कार केला, दोन वाक्यं बोलली. लिलाववाल्यांनी ऐकून घेतलं आणि स्वच्छ सांगितलं, "बाई, राग मानू नका. पण असं बोलत जगण्यापेक्षा मेलेलं परवडलं."

मावशीनं खुर्ची पुढे ओढली.

"मेल्यावर कसं असतं ते मला माहीत नाही. हे कसं असतं ते सांगते." ती थांबून थांबून बोलत होती, हवा गिळत. "वास येत नाही. चहा फुंकता येत नाही. शिंक इथून येते, गळ्यातून. न्हाणीघराला मी आता कडी लावत नाही. आज सकाळी नवऱ्याशी भांडले. तो हल्ली फार बोलतो. मी हरवलं त्याला. मजा आली."

"खोटं," लिलाववाले म्हणाले. "ह्यात कुणी खूश असेल का? तुम्हाला शिकवून पाठवलंय."

"रोज नसते. रोज ठरवते. काही दिवशी ठरवूनही जमत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"कशाच्या जोरावर?"

मावशीनं जरा विचार केला. "रागाच्या. त्या दुखण्याला म्हणते, माझा घसा नेलास ना, मग माझी सकाळ तुला मिळणार नाही. माझं हसणं मिळणार नाही. एवढंच आहे बघा. फार मोठं काही नाही."

मावशी कोपऱ्याकडे वळली. "तुम्हाला विचारलंय का ह्यांनी?"

बाई चमकल्या. त्यांना कुणी काही विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. पिशवीचे बंद पिळत म्हणाल्या, "मला कोण विचारतंय? ह्यांच्या आवाजानं तीस वर्षं माझे कान किटलेत. तो गेला तर जाऊ दे. मला हे हवेत."

लिलाववाले हसायला लागले. तो घोगरा, तरी खोली भरणारा हसण्याचा आवाज, आणि हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांची बायको उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. आम्ही बाहेर आलो.

दोन दिवसांनी त्यांनी सही केली. त्यांना ढेकरेचं बोलणं कधी साधलं नाही. ते गळ्याला यंत्र लावून बोलतात, डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज येतो. मावशी त्यांना सांगते, "माझा आवाज तुमच्यापेक्षा गोड आहे." ते म्हणतात, "माझा जास्त लांब जातो." दोघं त्यावर तासन्‌तास भांडतात, आणि दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसलेले अनोळखी लोक ताटं उचलून लांबच्या टेबलावर जातात. त्या दोघांना त्याचं काही वाटत नाही. उलट जागा मोकळी मिळाली म्हणून पाय पसरून बसतात.

ह्याला आता बारा वर्षं झाली. मावशी निवृत्त झाली. नियमाप्रमाणे, आजारपणाची नव्हे. स्थानकावर आता रेकॉर्ड केलेल्या घोषणा असतात. मावशीचं त्यावर मत, "मुलीचे उच्चार स्वच्छ आहेत. पण तिला गाडी दिसत नाही, त्यामुळे खोटं बोलते." चारची खुर्ची गेली बरीच वर्षं रिकामीच असते. कधीतरी ती अचानक जाऊन बसते, आणि आम्ही काही विचारत नाही. काका इतके बोलतात की दुकानात लोक घड्याळ टाकून पळ काढतात.

दर मंगळवारी ती दवाखान्याच्या वॉर्डात जाते. तिथे गळ्याला रुमाल ठेवत नाही. थंडीत बांधायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात, पण आत शिरताना तो ती काढून पर्समध्ये टाकते. "आधी भोक बघू दे," म्हणते. "मग बोलणं."

गेल्या मंगळवारी मी तिला सोडायला गेले होते. खाटेवर एक नवीन बाई होत्या, शाळेत शिकवणाऱ्या, ऑपरेशन होऊन सहा दिवस झालेल्या. पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलेलं. नर्स दारातच हळू आवाजात म्हणाली, "आज राहू द्या, मावशी. त्या कुणालाच भेटत नाहीत. पाटीसुद्धा हातात धरत नाहीत."

"अस्सं?" मावशी म्हणाली. तिनं पर्स माझ्याकडे दिली, स्टूल उचललं आणि मुद्दाम फरशीवर खरखर वाजवत त्या खाटेशी नेलं. पांघरुणाखाली हालचाल झाली.

"हं, दचकलात ना?" मावशी आपल्या त्या आवाजात म्हणाली. "आवाज ऐकून घ्या एकदा. नंतर शिव्या द्या. मी शिकवते कशा द्यायच्या ते. त्यातली क आणि ट वाली सगळ्यात आधी येतात."

पांघरूण नाकापर्यंत खाली आलं. दोन डोळे दिसले, रडून सुजलेले आणि चांगलेच चिडलेले.

"छान," मावशी म्हणाली आणि बाह्या सरसावून बसली. "चिडलेलं माणूस मला चालतं."